पिल्लाचे पोट बिघडले, खाणे सुटले, काय करावे?

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, पिल्लू दोन दिवस झाले तोंडाला काही लावत नाही." सोबत उलटी, पातळ संडास, कधी पोट फुगलेले. पिल्लू कापडी पिशवीत किंवा खोक्यात घालून आणलेले असते, बरोबर आलेली मुले रडवेली झालेली असतात आणि मोठ्यांची मागणी एकच असते : "भूक लागेल असे एखादे टॉनिक लिहून द्या."

हे टॉनिक मी सहसा लिहून देत नाही. भूक जाणे हा स्वतंत्र रोग नाही, ती रोगाची खूण आहे. पोट बिघडलेल्या पिल्लाची मळमळ थांबली, अंगातले पाणी भरून निघाले आणि आतड्याला झेपेल असे अन्न मिळाले की भूक आपल्या पायांनी परत येते. हा क्रम चुकला तर चांगले अन्नही अपाय करते. आजच्या लेखात हा क्रम समजून घेऊ.

भूक का जाते?

जठर किंवा आतडे सुजले की तिथून मेंदूकडे मळमळीचा संदेश जातो. एरवी ज्या वासाने पिल्लू उड्या मारत येते त्याच वासाची त्याला शिसारी येते. वारंवार ओठ चाटणे, लाळ गळणे, रिकामाच घोट गिळणे, वाटीपर्यंत येऊन वास घेऊन मान फिरवणे ही मळमळीची लक्षणे आहेत. अशा पिल्लापुढे अन्नाचे प्रकार बदलून ठेवण्यात अर्थ नसतो. मळमळ असताना ज्या अन्नाचा वास घ्यावा लागला, त्या अन्नाबद्दल पुढे बरे झाल्यावरही त्याच्या मनात तिटकारा राहू शकतो.

पोट बिघडण्याची आपल्याकडे आढळणारी मुख्य कारणे अशी :

१) चुकीचा आहार. आपल्याकडे पिल्लू घरी आले की त्याच्यापुढे दूध-पोळी, दूध-भाकरी किंवा दुधात बुडवलेली बिस्किटे ठेवण्याची पद्धत आहे. गाई-म्हशीच्या दुधातील साखरेचे प्रमाण कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते. ही साखर पचवण्याची पिल्लाची शक्ती वयाबरोबर कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, पोटात वायू धरतो आणि जुलाब लागतात. रविवारचा मटणाचा रस्सा, तळण, हाडे यांमुळेही असेच होते. एका दिवसात आहार बदलणे हेही एक कारण आहे.

२) जंत. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात आणि आकडेकृमी आईच्या दुधातून येतात. त्यामुळे "आमचे पिल्लू मातीत जात नाही" या बोलण्याला फारसा आधार नाही. पोट नगाऱ्यासारखे, अंग मात्र काटकुळे, केस निस्तेज आणि हिरड्या फिकट असे रूप दिसले की जंतांचा संशय घ्यावा. आकडेकृमी रक्त पितात. लहान पिल्लू त्यांच्यामुळे दगावू शकते.

३) पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दीड ते सहा महिन्यांच्या, लस न टोचलेल्या पिल्लांना तो विशेष गाठतो. भराभर वाढणाऱ्या पेशींवर तो हल्ला करतो. त्यामुळे आतड्याचे अस्तर भिंतीच्या गिलाव्यासारखे गळून पडते आणि रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी होतात. पहिल्या दिवशी पिल्लू फक्त मलूल दिसते व खात नाही. मग उलट्या आणि नंतर अतिशय घाण वासाची, बहुधा रक्तमिश्रित हगवण सुरू होते.

४) गिळलेली वस्तू. आंब्याची कोय, मक्याचे कणीस, नारळाच्या शेंड्या, मोजा, सुतळी, प्लॅस्टिकची पिशवी हे सारे पिल्लांच्या पोटात सापडते. आतडे अडले की जे खाल्ले ते उलटून पडते, पोट दुखते आणि संडास बंद होते किंवा थेंब थेंब होते.

याशिवाय सूक्ष्म एकपेशीय परजीवी, डिस्टेंपर (डोळ्यांतून-नाकातून चिकट स्राव, खोकला) आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा आजार हीही कारणे असतात.

घरी काय तपासावे?

दवाखान्यात येण्यापूर्वी पाच मिनिटे काढून पुढील गोष्टी पाहाव्यात व कागदावर लिहून आणाव्यात. निम्मे निदान त्यातूनच होते.

हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या झालेल्या जागी दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी रंग यावा. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती लगेच जागेवर गेली नाही तर अंगातले पाणी कमी झाले असे समजावे. मात्र अगदी लहान पिल्लात ही खूण फसवते, म्हणून हिरड्यांवर अधिक विश्वास ठेवावा. गुदद्वारात थर्मामीटर लावता येत असेल तर ताप पाहावा. साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे नेहमीचे तापमान. १०३ च्या वर ताप समजावा. ९९ च्या खाली गेले तर ते तापापेक्षा अधिक चिंतेचे. किती वेळा उलटी झाली, तिचा रंग कोणता, संडास कशी आहे, तिच्यात रक्त किंवा जंत आहेत का, लघवी शेवटची केव्हा झाली, हेही लिहावे. किराणा दुकानातल्या काट्यावरही चालेल, पण वजन करून आणावे.

कधी वाट पाहू नये?

मोठे निरोगी कुत्रे एखादा दिवस उपाशी राहिले तर बिघडत नाही. पिल्लाचे तसे नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. तीन महिन्यांच्या आतील पिल्लाने लागोपाठ दोन वेळा अन्न नाकारले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय करत बसू नये :

• प्यायलेले पाणीही उलटून पडणे
• संडासात किंवा उलटीत रक्त, किंवा डांबरासारखी काळी संडास
• हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा कोरड्या चिकट
• पोट ताठ व फुगलेले, हात लावताच कळवळणे
• अंग थंड पडणे, झोक जाणे, आचके येणे
• लस टोचलेली नसणे आणि उलटी-जुलाब दोन्ही एकदम सुरू होणे

झोक जाणे, डोळे फिरवणे किंवा आचके ही रक्तातील साखर घसरल्याची खूण असू शकते. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या पिल्लात हे विशेष आढळते. अशा वेळी मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पिल्लाला आचके येत असतील तर त्याच्या दातांमध्ये बोट घालू नये आणि बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये.

येथे एक महत्त्वाची सूचना. पिल्लू खात नाही, लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे असे दिसले की अनेकजण "घशात हाड अडकले" असे समजून तोंडात हात घालतात. ही लक्षणे रेबीजचीही असतात आणि रेबीज पिल्लांनाही होतो. असे पिल्लू, त्यातही रस्त्यावरून आणलेले किंवा कुत्रे चावलेले असेल तर, त्याच्या तोंडात हात मुळीच घालू नये. ते बंदिस्त ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसाने त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी.

आधी पाणी

पिल्लू हुशार आहे, लस झालेली आहे, एखाददुसरी उलटी किंवा थोडे जुलाब झाले आहेत आणि वरीलपैकी धोक्याची कोणतीही खूण नाही, अशा वेळी घरी उपचार सुरू करता येतात. पहिले काम पाण्याचे.

उलटी झाल्यावर पिल्लू तहानेने वाटीभर पाणी एकदम पिते आणि पुन्हा ओकते. म्हणून मोठी वाटी उचलून ठेवावी. शेवटच्या उलटीनंतर तासभर थांबून दर वीस मिनिटांनी एक-दोन चहाचे चमचे पाणी द्यावे. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी चालते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच, सहसा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध पुडी विरघळवावी आणि उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या तांब्यात असा हिशेब करू नये. तीन किलो वजनाच्या पिल्लाला एरवीसुद्धा दिवसाला साधारण पाव लिटर द्रव लागतो. जुलाब असतील तर त्याहून जास्त. तेवढे तोंडाने जात नसेल तर सलाईनवाचून इलाज नाही.

मग अन्न

"पोट बिघडले की चोवीस तास उपाशी ठेवा" असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. पिल्लांच्या बाबतीत तो आता मागे पडला आहे. दक्षिण आफ्रिकेत पार्व्होच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलेल्या पिल्लांपेक्षा नाकातल्या बारीक नळीने लवकर द्रव अन्न दिलेली पिल्ले लवकर सुधारली. कारण समजण्यासारखे आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बरेचसे पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न बंद झाले की अस्तर आणखी झिजते. म्हणून पाणी तीन-चार तास टिकले की थोडे अन्न सुरू करावे.

सर्वांत सोपे अन्न असे : दोन भाग आसट, गुरगुट्या भात आणि एक भाग बिनहाडाची, बिनकातडीची उकडलेली कोंबडी, बारीक कुस्करून. तेल, तिखट, मसाला काही नको. कांदा आणि लसूण तर मुळीच नको, त्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात कोंबडीऐवजी गाईच्या दुधाचे घरी केलेले, पाण्याने धुतलेले ताजे पनीर वापरावे. दूध, बिस्किटे, तूप, आइस्क्रीम बंद.

तीन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवशी एका वेळी एक ते दोन चहाचे चमचे, दिवसातून सहा वेळा एवढेच द्यावे. टिकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत नेहमीच्या मापावर यावे. पिल्लू आणखी मागत असले तरी हात आखडता घ्यावा. बरे होऊ लागलेले पिल्लू पुन्हा आजारी पडते ते बहुधा या प्रेमामुळेच.

घालण्याची रीत

कुत्रा जिभेपेक्षा नाकाने जेवतो. आजाऱ्याचे नाक चोंदलेले असेल तर ते ओल्या कोमट कापसाने पुसावे. अन्न अंगाच्या उबेइतके कोमट करावे, म्हणजे वास उठतो. कोंबडी उकडलेले पाणी, बिनमिठाचे व चरबी काढलेले, दोन चमचे वर घातले तर बहुतेक पिल्ले नाक पुढे करतात. किंचित अन्न बोटाला घेऊन ओठाला लावावे. चाटले तर दुसऱ्यांदा द्यावे, मान वळवली तर थांबावे. पंधरा मिनिटांत खाल्ले नाही तर वाटी उचलावी आणि दोन तासांनी ताजे अन्न घेऊन यावे. दिवसभर नाकापुढे वाटी ठेवल्याने मळमळ वाढते.

जागा शांत व उबदार असावी. मुलांचा घोळका भोवती नको, दुसरी कुत्री तर नकोतच. औषध अन्नात कालवू नये. कडू चव एकदा कळली की ते अन्न कायमचे बाद होते.

जबडा उघडून चमच्याने किंवा सिरिंजने कोंबणे टाळावे. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. मागे एका घरी चार माणसांनी धरून अडीच महिन्यांच्या पिल्लाला पेज पाजली. पार्व्होतून ते सावरत होते, संडास सुधारली होती, पण तिसऱ्या दिवशी ते न्यूमोनियाने गेले. त्या घरी माया कमी नव्हती, म्हणूनच हे सांगावेसे वाटते. पिल्लाला भरवावेच लागणार असेल तर ते काम नळीने, दवाखान्यात होऊ द्यावे.

औषधांविषयी

मळमळ थांबवण्याची चांगली इंजेक्शने आता उपलब्ध आहेत. अनेकदा तेवढ्यानेच पिल्लू काही तासांत अन्नाकडे वळते. जंताचे औषध वजनावर ठरते. प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. पार्व्होच्या नेहमीच्या उपचारात मुख्य भर शिरेतून सलाईन, उलटीवर औषध, साखर व क्षार सांभाळणे आणि लवकर पोषण यांवर असतो. हे वेळेत झाले तर बहुतेक पिल्ले वाचतात. झाले नाही तर बहुतेक दगावतात. भूक वाढवणारी खास औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत कुत्र्यांसाठीच्या अशा एका औषधाला २०१६ साली मान्यता मिळाली. पण आतडे अडलेले असताना भूक चाळवणे घातक ठरेल, म्हणून निदानाआधी त्यांचा हट्ट धरू नये.

घरातली माणसांची औषधे देऊ नयेत. आयब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पिल्लाच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलचा अंदाजाने दिलेला डोसही यकृताला घातक ठरतो. जुलाब "बांधणाऱ्या" गोळ्यांनी जंतुसंसर्गाची घाण आतच कोंडते.

भूक परतल्यावर

संडास दोन दिवस बांधीव झाली की नेहमीचा आहार हळूहळू मिसळावा. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण, असे चार-पाच दिवसांत पूर्ववत करावे. भात-कोंबडीत वाढत्या हाडांना लागणारे चुन्याचे प्रमाण पुरेसे नसते, म्हणून ते आठवडाभराहून अधिक चालू ठेवू नये.

जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. पिल्लाचे गोल जंत माणसांच्या मुलांनाही बाधतात. त्यामुळे संडास लगेच उचलावी व हात धुवावेत. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल अशी द्यावी. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला निष्फळ करू शकते, म्हणून एका टोचणीवर थांबू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात टोचावी.

पार्व्होचा विषाणू अंगणात कित्येक महिने जिवंत राहतो आणि नेहमीच्या फिनेलने तो हमखास मरत नाही. फरशी आधी धुवून, कपडे पांढरे करण्याचे द्रव ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग असे द्रावण दहा मिनिटे ठेवून मग पुसावे. ज्या घरी पिल्लू गेले तिथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये.

वाचकांचे प्रश्न

*ताक-जिरे दिले तर चालेल का?* जिरे, हिंग, मीठ घातलेले मसाला ताक नको. जुलाब थांबल्यावर चमचाभर ताजे गोडसर दही बऱ्याच पिल्लांना मानवते. न मानवल्यास सोडून द्यावे.

*पिल्लू गवत खाते, म्हणजे पोट साफ करते का?* धडधाकट कुत्रीही गवत खातात. त्यावरून रोग ओळखता येत नाही आणि तो बराही होत नाही. फवारणी केलेल्या बांधावरचे गवत मात्र विष ठरू शकते.

*पंचवीस दिवसांचे, आईविना सापडलेले पिल्लू दूध पीत नाही. काय करावे?* आधी त्याचे अंग पाहावे. थंड पडलेल्या पिल्लाचे आतडे हालत नाही. त्याला पाजलेले दूध पोटात साचते, आंबते किंवा फुप्फुसात जाते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी व पाऊण-एक तासात हळूहळू ऊब आणावी. अंग गरम झाल्यावर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी कोमट पाण्यात करून, त्याला पालथे, नेहमीच्या दूध पिण्याच्या स्थितीत धरून थोडे थोडे पाजावे. उताणे धरून पाजू नये. ऊब आल्यानंतरही ते चोखत नसेल तर रात्र जाऊ देऊ नये. या वयात एक रात्र फार मोठी असते.